पिल्लूच्या छातीतली डबी

दर साडेपाच मिनिटांनी माझ्या लेकाचा आवाज बसतो, तीस सेकंदांसाठी. म्हणजे बोलत असतो, आई मला अजून एक जिलेबी दे, आणि जिलेबीच्या मधेच आवाज एकदम घोगरा होतो आणि मग परत नीट. घरात आता कोणाचं लक्षही जात नाही पण नवीन माणूस दचकतो, सर्दी झालीय का, टॉन्सिल वाढलेत का असं विचारतो. सर्दी नाहीये. त्याच्या छातीत डाव्या बाजूला, कॉलरबोनच्या खाली, कातडीच्या आत एक चपटी डबी बसवलेली आहे, तिच्यातून एक वायर वर गळ्यात गेलीय आणि ती वायर गळ्यातल्या एका नसेला गुंडाळलेली आहे. डबी तीस सेकंद करंट देते, पाच मिनिटं थांबते, परत तीस सेकंद. दिवसरात्र, झोपेत सुद्धा. त्याच नसेची एक फांदी आवाजाच्या पेटीला जाते म्हणून आवाज बसतो.

लेकाचं नाव इथे लिहीत नाही, मोठा झाल्यावर त्याची गोष्ट कोणाला सांगायची ते त्याला ठरवता यावं असं मला वाटतं. घरात आम्ही त्याला पिल्लू म्हणतो. आता बारा वर्षांचा आहे. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात राहतो, सासरची चौथी पिढी इथे. ही पोस्ट मी दोन वर्षं लिहीन लिहीन म्हणतेय, आता लिहितेच, कारण गेल्या महिन्यात परत एका आईचा फोन आला आणि तिला पण तेच झालंय जे आम्हाला झालं होतं, सहावं औषध चालू आहे आणि औषधांच्या पलीकडे काही असतं हे कोणी सांगितलेलंच नाही.

सुरुवात पाचव्या महिन्यात झाली. झोपेतून उठला की मान पुढे टाकायचा, दोन्ही हात वर, जसं कोणी वाकून सलाम करतंय, एकामागे एक असे दहा-पंधरा. आई म्हणजे माझ्या सासूबाई म्हणाल्या, अगं पोटात दुखत असेल त्याच्या, ओव्याचा शेक दे. शेजारच्या बेननी मात्र बघितल्या बघितल्या सांगितलं, आ तो खेंच छे, डॉक्टर पासे लई जाओ. गुजरातीत खेंच म्हणतात, आंचकी म्हणतात, आमच्यात आकडी, गावाकडे फेफरं. डॉक्टरांनी नाव सांगितलं वेस्ट सिंड्रोम. खूप नंतर मी वाचलं की हे नाव विल्यम वेस्ट नावाच्या इंग्लिश डॉक्टरचं आहे, त्याने १८४१ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या साप्ताहिकाला पत्र लिहिलं होतं की असा असा आजार आहे, कोणाला काही माहीत असेल तर सांगा, आणि ज्या बाळाबद्दल लिहिलं होतं ते त्याचं स्वतःचं बाळ होतं. मी ते वाचून रात्री दोन वाजता रडले. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा तो बाप, डॉक्टर असून, मला अगदी आपल्या घरातला वाटला.

एसीटीएच नावाच्या हार्मोनची इंजेक्शनं झाली, तोंड सुजून फुगा झालं होतं, रात्रंदिवस चिडचिड. सलाम थांबले. वर्ष-दीड वर्ष बरं गेलं, मग चौथ्या वर्षी दुसरंच सुरू झालं, उभा असेल तर एकदम धाडकन खाली. हाताने सावरायला वेळच नाही, सरळ तोंडावर. हनुवटीला तीनदा टाके. झोपेत अंग ताठ व्हायचं ते वेगळं, कुठेतरी टक लावून हरवायचा ते वेगळं. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, झाला आणि लेनॉक्स गॅस्टॉ हे नाव आमच्या घरात आलं, म्हणजे एकाच मुलाला अनेक प्रकारचे फिट येणारी अवघड एपिलेप्सी. वेस्ट झालेल्या बऱ्याच मुलांचं पुढे हे होतं.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते. दोन औषधं. आंतरराष्ट्रीय एपिलेप्सी संघटनेने २०१० मध्ये व्याख्या ठरवलीय की बरोबर निवडलेली, पुरेशा डोसमध्ये, नीट घेतलेली दोन औषधं देऊन सुद्धा फिट थांबत नसतील तर ती ड्रग रेझिस्टंट एपिलेप्सी, म्हणजे औषधाला न जुमानणारी. दोन. सहा नाही, आठ नाही. आणि हे हवेतून आलेलं नाही. ग्लासगोच्या दोन डॉक्टरांचा २००० सालचा एक अभ्यास आहे, आधी कधीच औषध न घेतलेले ४७० पेशंट, त्यातले ४७ टक्के पहिल्या औषधाने बरे राहिले, दुसऱ्याने आणखी १३ टक्के, आणि तिसऱ्या औषधाने १ टक्का. एक. आमच्या पिल्लूचं दुसरं औषध फेल झालं तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि त्यानंतर तीन वर्षं आम्ही नुसती औषधं बदलत बसलो, वाल्प्रोएट होतंच, त्यात क्लोबाझाम, मग लेव्हेटिरासिटाम काढून लॅमोट्रिजिन, मग टोपिरामेट, त्याने तो जेवेचना आणि येत असलेले शब्द पण विसरायला लागला. दर वेळी डॉक्टर, कोण ते लिहीत नाही, म्हणायचे थोडा धीर धरा, हे नवीन औषध छान आहे. माणूस वाईट नव्हता, फोन कधीही उचलायचा. पण धीर धरायची तीन वर्षं माझ्या मुलाची पाच ते आठ ही होती, ज्यात मेंदू शिकतो, आणि ती तीन वर्षं मला कोणी परत देणार नाही, आणि याचा राग माझा अजून गेलेला नाही.

औषधं सोडा असं मी अजिबात म्हणत नाहीये, प्लीज कोणी तसं वाचू नका, अचानक औषध बंद केलं तर जिवावर बेतू शकतं, आमची औषधं आज पण चालू आहेत. म्हणणं एवढंच आहे की दुसरं फेल झालं की तिसरं चालू असतानाच मोठ्या एपिलेप्सी सेंटरला जा, जिथे व्हिडिओ ईईजी होतो, चांगला एमआरआय होतो आणि न्यूरोसर्जन, न्यूरोलॉजिस्ट एकत्र बसून केस बघतात. कारण पहिला प्रश्न डबीचा नसतोच. पहिला प्रश्न हा की फिट मेंदूच्या एकाच जागेतून उगवतात का, आणि ती जागा काढून टाकण्यासारखी आहे का. असेल तर ते ऑपरेशन, कारण त्यात फिट पूर्ण बंद व्हायची खरी शक्यता असते. आमच्या नशिबात ते नव्हतं, पिल्लूच्या मेंदूत सगळीकडून एकदम वीज उठते.

मला डबीबद्दल कळलं ते पण डॉक्टरांकडून नाही. मुंबईच्या एका हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसलो होतो, पिल्लू तेव्हा आठ वर्षांचा, कीटो डाएट चालू होता, म्हणजे पोळी नाही भात नाही, लोणी आणि साय तोलून तोलून द्यायची, चौदा महिने केलं, थोडा फरक पडला आणि मग त्याने तोंडच मिटून घेतलं. तिथे बाजूला सुरतच्या एक बाई होत्या, त्यांच्या मुलीला बाकावरच फिट यायला लागली आणि त्या अजिबात घाबरल्या नाहीत, हातातला घड्याळासारखा पट्टा काढला आणि मुलीच्या छातीवरून एकदा फिरवला. बस्स. वीस-पंचवीस सेकंदात मुलगी शांत. मला वाटलं काही मंत्रतंत्र आहे. त्या म्हणाल्या, बेन, मॅग्नेट छे. मुलीच्या छातीत डबी होती, आणि मॅग्नेट वरून फिरवलं की ती लगेच एक जादा करंट देते. मग त्यांनी मला तो पट्टा हातात दिला आणि पाऊण तास सगळं समजावलं, हिंदी गुजराती मिक्स, आणि एवढं नीट मला आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

तर याला व्हीएनएस म्हणतात, व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेटर. लोक याला मेंदूचा पेसमेकर म्हणतात पण मेंदूला ते हातसुद्धा लावत नाही, डोकं उघडत नाहीत. व्हेगस ही मेंदूतून थेट निघणारी दहावी नस, गळ्यातून छाती-पोटात जाते, आणि गंमत म्हणजे तिच्यातले बहुतेक धागे खालून वर, मेंदूकडे निरोप नेणारे असतात. त्या रस्त्याने थोडा थोडा करंट पाठवत राहिलं की मेंदूतली एकदम उठणारी वीज काही जणांत कमी होते. डावीकडेच बसवतात कारण उजवीकडच्या व्हेगसचा हृदयाच्या ठोक्यांशी जास्त संबंध. हे काही कालचं नाही, माणसात पहिल्यांदा १९८८ मध्ये बसवलं, अमेरिकेत १९९७ मध्ये बारा वर्षांवरच्यांसाठी परवानगी मिळाली आणि २०१७ मध्ये ती चार वर्षांपर्यंत खाली आणली. म्हणजे आमचा पिल्लू जेव्हा चार वर्षांचा होता त्याच वर्षी. मी हे कॅलेंडर बघून बघून स्वतःला किती त्रास करून घेतलाय.

घरी आल्यावर हे एक महिना तयार नव्हते. पोराच्या गळ्यात वायर? उद्या पडला आणि तुटली तर? मोठा होताना ताणली गेली तर? प्रश्न बरोबरच होते, सर्जनला आम्ही तेच विचारलं, ते म्हणाले वायरला आत वळसा देऊन ढील ठेवतात, आणि हो, वायर तुटू शकते, इन्फेक्शन होऊ शकतं, आणि बॅटरी काही वर्षांनी संपली की परत छोटं ऑपरेशन. स्पष्ट बोलले म्हणून विश्वास बसला. पैशांचं पण सांगते कारण कोणी सांगत नाही, आमचं एस्टिमेट दहा लाखांच्या वर आलं होतं आणि त्यात बहुतेक भाग नुसत्या मशीनचा, माझ्या बांगड्या गेल्या, यांच्या पीएफमधून काढले, उरलेले दिरांनी दिले. इन्शुरन्सवाल्यांनी आधीपासूनचा आजार म्हणून हात वर केले.

अजून एक रस्ता होता. मेंदूच्या दोन भागांना जोडणारा पूल असतो तो कापतात, कॉर्पस कॅलोसोटॉमी. धाडकन पडायच्या अटॅकवर ते व्हीएनएसपेक्षा जास्त चालतं असं डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, पण एकदा कापलं की कापलं. डबी बंद करता येते, काढता येते. आम्ही आधी डबी म्हटलं.

आणि निर्णयाच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी जे वाक्य सांगितलं ते मी कालनिर्णयच्या मागे लिहून ठेवलंय: शंभर मुलांना बसवलं तर साधारण निम्म्यांचे फिट निम्म्याने किंवा जास्त कमी होतात, पूर्ण बंद फार थोड्यांचे होतात, आणि काहींना काहीच फरक पडत नाही. मग मी विचारलं, डॉक्टर, निम्मे झाले तर त्याला यश म्हणायचं का? ते म्हणाले, ते तुम्ही सांगा, दिवसात तीनदा पडणारा मुलगा एकदा-दीडदा पडला तर तुमच्या घरात काय बदलेल? आम्ही दोघं त्या रात्री गाडीत त्याच्यावरच बोलत आलो. हे म्हणाले, तो शाळेच्या पायऱ्या हात न धरता चढेल का? मी म्हटलं नाही, पण मी आंघोळीला पाच मिनिटं जाऊ शकेन.

ऑपरेशन दीड-दोन तासांचं, दुसऱ्या दिवशी घरी. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. गळ्यावर आडवी एक रेघ आहे, सुरकुतीत लपते.

दोन आठवड्यांनी डबी चालू केली. डॉक्टर एक छोटं यंत्र छातीवर धरतात आणि बाहेरूनच सेटिंग होतं, पाव मिलीअँपिअरपासून सुरुवात, मग दर दोन-तीन आठवड्यांनी थोडं थोडं वाढवायचं. पहिल्यांदा चालू झाली तेव्हा पिल्लूने गळ्याला हात लावला, खोकला, आणि म्हणाला, मुंगी. घशात मुंगी. त्याच्याकडे शब्द कमी आहेत पण हा एकदम बरोबर निघाला, सगळेच पेशंट तसंच काहीसं सांगतात म्हणे.

आणि मग चार महिने काही म्हणजे काही झालं नाही.

हे कोणीतरी आधी ठासून सांगायला हवं. औषधासारखं हे आठवड्यात कळत नाही. याचा परिणाम महिन्या-महिन्याने वाढत जातो, दुसऱ्या वर्षी पहिल्यापेक्षा जास्त. पण तेव्हा ते डोक्यात शिरत नव्हतं. मी कालनिर्णयच्या प्रत्येक चौकोनात लाल पेनने ठिपके देते, एक पडणं एक ठिपका, आणि ते चार महिने पानं आधीसारखीच लाल, नव्वद, पंच्याण्णव, एकदा एकशे दोन. आई देवघरासमोर बसून रडायच्या, की तुमच्या बांगड्या गेल्या गं आणि पोराच्या अंगात उगाच लोखंड घातलं. लोखंड नाही आई, टायटॅनियम आहे, एवढंच मी म्हणायचे, त्याच्या पुढे माझ्याकडे पण काही नव्हतं.

पाचव्या महिन्यात आधी दुसरंच काहीतरी दिसलं. फिट नंतर तो दीड-दोन तास झोपायचा, ते अर्ध्या तासावर आलं. मग एक दिवस फिट आली, उठला, आणि अर्धवट राहिलेली खिचडी मागितली. ठिपके नंतर कमी झाले, सत्तर, मग साठ, वर्ष झालं तेव्हा पन्नासच्या खाली. आता तीस ते चाळीसच्या मधे असतात. सलग एकामागे एक फिट येऊन नाकात मिडाझोलामचा स्प्रे मारायची वेळ आधी महिन्यात दोनदा-तीनदा यायची, या वर्षात आतापर्यंत दोनदा. एक औषध डॉक्टरांनी हळूहळू बंद केलं आणि त्याबरोबर त्याच्या डोळ्यांवरची झापड गेली, हा माझ्या मते डबीचा सगळ्यात मोठा उपकार, कारण औषधांच्या ढिगाखाली माझा मुलगा कसा आहे हे मला माहीतच नव्हतं. तो खोडकर आहे. आजीचा चष्मा लपवतो.

मॅग्नेट सुरतच्या बेनसारखं जादूने आमच्याकडे चालत नाही. सुरुवातीलाच फिरवलं तर कधी फिट छोटी होते, कधी नाही. तरी ते हातावर असतं, माझ्या, यांच्या, आणि शाळेत टीचरच्या ड्रॉवरमध्ये. टीचरना मी अजून एक शिकवलंय, तोंडात काही घालायचं नाही, चमचा नाही, पाणी नाही, नाकाला चप्पल कांदा नाही, कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेली तर स्प्रे आणि हॉस्पिटल.

आमच्याकडे उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, काय असतो ते बडोद्याबाहेरच्यांना सांगून कळणार नाही. चौदा आणि पंधरा जानेवारी सगळं शहर अगाशीवर म्हणजे गच्चीवर असतं, सकाळी सहापासून पतंग कापल्याच्या काप्यो छे आरोळ्या, उंधियू, जिलेबी, स्पीकर. आणि अगाशीचा कठडा आमचा कमरेएवढा. पाच वर्षं मी ते दोन दिवस पिल्लूला घेऊन खाली बंद खोलीत काढलेत, वर सगळ्यांचे पाय वाजायचे आणि तो छताकडे बघायचा. या जानेवारीत आम्ही वर गेलो. हेल्मेट घालून, मधोमध गादी टाकून, यांनी त्याला मागून धरलेला, मी पुढे. फिरकी धरायचं काम त्याला दिलं. अकराच्या सुमारास एकदा पडला, गादीवरच, फिरकी हातातून सुटली आणि घरंगळत पायऱ्यांपर्यंत गेली. शेजारच्या बेनचा नातू ती उचलून घेऊन आला आणि उभा राहिला. पिल्लूला उठायला सहा-सात मिनिटं लागली. तो पोरगा तेवढा वेळ फिरकी हातात धरून उभा होता, दुसरीकडे पतंग काटले जात होते तरी गेला नाही. मग परत पिल्लूच्या हातात दिली.

नवरात्रात मात्र आम्ही अजून बाहेर पडत नाही, झोप मोडली की दुसऱ्या दिवशी पान लाल होतं, डबी असो नसो.

आता लंडनचं, कारण तो व्हिडिओ मला निदान तीस जणांनी फॉरवर्ड केलाय. २०२४ च्या जूनमध्ये बातमी आली की लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलमध्ये एका मुलाच्या, त्याला पण लेनॉक्स गॅस्टॉच, कवटीतच एक यंत्र बसवलं आणि त्याचे दिवसाचे फिट ८० टक्के कमी झाले. हे व्हीएनएस नाही. हे डीबीएस, डीप ब्रेन स्टिम्युलेशन, पार्किन्सनमध्ये करतात तसं. दोन इलेक्ट्रोड म्हणजे करंट देणाऱ्या तारा मेंदूत खोल, थॅलॅमस नावाच्या भागापर्यंत नेतात. नेहमीच्या डीबीएसमध्ये बॅटरी छातीत असते आणि वायर मानेतून वर, वाढत्या मुलांमध्ये ती तुटायची भीती, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी साडेतीन सेंटिमीटर चौकोनी यंत्र कवटीच्या हाडातच बसवलं आणि ते हेडफोनसारखं काहीतरी घालून बाहेरून चार्ज होतं. ऑपरेशन ऑक्टोबर २०२३ मध्ये झालं होतं, आठ तासांच्या आसपास. मी ती बातमी ऐकून एक पूर्ण दिवस काही काम करू शकले नाही. त्याची आई जे बोलत होती ते मी बोलतेय असं वाटत होतं.

पण तो ट्रायलमधला पहिला मुलगा आहे, आणि एका मुलावरून माझ्या मुलाचं सांगता येत नाही, हे मी स्वतःला समजावलं. ट्रायल आधी चार मुलांची आणि मग बावीस मुलांची असं ठरवलेलं होतं. अमेरिकेत एपिलेप्सीसाठी डीबीएसला २०१८ मध्ये परवानगी मिळाली ती अठरा वर्षांच्या वरच्यांना, आणि आरएनएस म्हणून एक येतं, जे फिट सुरू होतेय हे स्वतः ओळखून तिथेच करंट देतं, ते २०१३ चं, ते पण अठराच्या वर. लहान मुलांना डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर काही ठिकाणी बसवतात. आमच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, दरवाजा बंद नाही, अजून दोन वर्षं डबी किती देते ते बघू, तोपर्यंत त्या मुलांचे आकडे पण येतील. हे म्हणतात थांबू. मी पण म्हणते थांबू, पण या वेळी थांबणं आम्ही समजून उमजून ठरवलंय, आणि तारीख लिहून ठेवलीय.

ज्या आईचा फोन आला होता तिला मी सांगितलं ते इथे पण लिहिते. मॅग्नेट, पट्टा, व्रण, सगळं बघायचं असेल तर फोटोवर जाऊ नका. रविवारी सकाळी साडेसात ते नऊ आम्ही सयाजीबागेत फुलांच्या घड्याळापाशी असतो, निळं हेल्मेट लांबून दिसतं. मुलाला घेऊन या, फाईल घेऊन या, ईईजीचे कागद पण आणा, मी डॉक्टर नाही पण कुठल्या डॉक्टरला काय विचारायचं ते बसून लिहून काढू. डबीवर बोट ठेवून बघायचं असेल तर पिल्लूला आधी विचारा, बहुतेक हो म्हणतो.